संस्कृतच्या सरांचे कागद रद्दीत देऊ नका

प्रति,
महाराष्ट्रातील अनुदानित महाविद्यालये चालवणाऱ्या शिक्षणसंस्थांचे अध्यक्ष, सचिव, विश्वस्त आणि प्राचार्य यांस

सन्माननीय पदाधिकारीहो,

मी एका तालुक्याच्या गावच्या महाविद्यालयात ग्रंथपाल होते, आता निवृत्त आहे. हे पत्र कोणा एका संस्थेला उद्देशून नाही, म्हणून कोणाचं नाव घेत नाही. पण जे लिहिते आहे ते आपल्यापैकी अनेकांच्या आवारात घडत असणार. संस्कृतचा, पालीचा किंवा अर्धमागधीचा शेवटचा प्राध्यापक निवृत्त होतो. वर्कलोड नाही म्हणून जागा भरायची परवानगी मिळत नाही. एखाद-दोन वर्षं तासिका तत्त्वावर कोणीतरी येतं, मग तेही थांबतं. विभागाची खोली दुसऱ्या कोर्सला दिली जाते आणि तिथलं लोखंडी कपाट रिकामं करायला शिपायाला सांगितलं जातं. पुस्तकं ग्रंथालयात येतात, कारण त्यांना दाखल क्रमांक असतो. कागदांना तो नसतो. ते रद्दीत जातात.

ते जाऊ देऊ नका, एवढीच माझी मागणी आहे. आपल्या छोट्या महाविद्यालयाने कसे दिवस काढले याचा सगळ्यात खरा पुरावा त्या कपाटात असतो, आणि त्याची दुसरी प्रत कुठेही नसते.

हे मला कळलं ते आमच्याच संस्कृतच्या सरांमुळे. ते वारले तेव्हा त्यांच्या मुलीने दोन पत्र्याच्या ट्रंका ग्रंथालयात आणून दिल्या आणि म्हणाली, "मावशी, यात काही कामाचं असलं तर ठेवा, नाहीतर बघा काय करायचं ते." पुस्तकं थोडीच होती. बाकी सगळे कागद. संस्थेला लिहिलेल्या प्रत्येक पत्राची कार्बन प्रत त्यांनी ठेवली होती. हजेरीच्या वह्या होत्या, टाचणं होती, बैठकांची स्वतःपुरती टिपणं होती, विद्यार्थ्यांची पोस्टकार्डं होती. ते चाळताना लक्षात आलं की ज्या महाविद्यालयात मी उमेदीची सगळी वर्षं घालवली, त्याच्याविषयी मला फारच थोडं माहीत होतं.

हजेरीच्या वह्यांचंच पाहा. कार्यालयात जी हजेरी जमा व्हायची, तिच्यात हजर किंवा गैरहजर एवढंच असायचं. सरांच्या स्वतःच्या वहीत मात्र गैरहजेरीच्या खुणेशेजारी बारीक अक्षरात कारण लिहिलेलं. एस.टी. बंद. आई आजारी. खळ्यावर. ऊसतोडीला गेला. लग्न ठरलं, येणार नाही. १९७२ च्या दुष्काळातल्या वहीत पानामागून पान 'कामावर' हा एकच शब्द आहे. दुष्काळी कामांवर खडी फोडायला गेलेली ती मुलं. त्यांतली कोण परत आली आणि कोण आली नाही, हे पुढच्या सत्राच्या वहीवरून कळतं. आपल्या भागातल्या दुष्काळावर अभ्यास करणाऱ्याला याहून नेमकं साधन कुठे मिळणार आहे? आणि ते मिळालं कुठे, तर रघुवंश शिकवणाऱ्या माणसाच्या ट्रंकेत.

मग १९७५ येतं. दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध महाराष्ट्रात लागू झाला, अकरावी-बारावी वेगळी निघाली आणि कनिष्ठ महाविद्यालयं सुरू झाली. शासनाच्या कागदांत हा एक धोरणात्मक बदल आहे. सरांच्या कागदांत तो एका लहान महाविद्यालयाच्या पोटावर आलेला प्रसंग आहे. प्रीडिग्रीचे, म्हणजे पदवीपूर्व वर्ग गेले, त्यांच्याबरोबर विद्यार्थिसंख्या गेली, संख्येबरोबर तास गेले, आणि कुठल्या विषयाचा माणूस अतिरिक्त ठरणार याची कुजबुज शिक्षकांच्या खोलीत सुरू झाली. त्या काळात सरांनी दरवर्षी एका चौकटीच्या कागदावर आपल्या वर्गाची संख्या मांडून ठेवली. शेजारी एक निरीक्षणही लिहिलं: शाळेत मुलं संस्कृत घेतात ती गुणांसाठी, आणि गुण मिळाले की विज्ञानाकडे जातात. ज्यांना खरोखर काव्य वाचायचं असतं, त्यांना घरचे बी.ए.ला येऊ देत नाहीत. आज आपण बैठकांमध्ये याच प्रश्नावर तक्ते दाखवतो.

पगार थकल्याची पत्रंही आहेत. त्यांची भाषा वाचून मला गलबलून आलं. तक्रार अशी नाहीच. वाण्याची उधारी किती झाली ते मोघम सांगायचं, आणि लगेच पुढच्या ओळीत शब्दकोशाचा एक खंड ग्रंथालयासाठी घ्यावा अशी विनंती करायची. एका पाकिटात फीच्या पावत्या आहेत. पावत्यांवर विद्यार्थ्यांची नावं, आणि पैसे भरणारे सर. ते पाकीट मी कोणालाही दाखवलेलं नाही. पण एखादं महाविद्यालय कशावर उभं राहिलं हे विचारणाऱ्या माणसाला ते पाकीट आहे एवढं तरी कळायला हवं.

शिकवण्याचे कागद तर निराळेच. मेघदूत शिकवताना सरांनी रामगिरीपासून अलकेपर्यंतचा मेघाचा मार्ग एस.टी.च्या नकाशामागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने आखला होता. महाराष्ट्रातून मेघ कुठून वर सरकतो, आपल्या गावावरून तो गेला असता का, हा प्रश्न वर्गात कोणी विचारला तेही लिहिलेलं. कोणत्या श्लोकाला मुलं थांबली, कोणता पहिल्याच वाचनात कळला, याच्या खुणा आहेत. गाइडमधल्या नोट्स कुठेही मिळतील. पण कोरडवाहू भागातल्या, घरात पहिल्यांदाच कॉलेजला आलेल्या मुलांना कालिदास कसा शिकवला गेला, हे फक्त तिथेच आहे.

या सगळ्यातलं संस्थेच्या अहवालात काय उतरलं, ते मी मुद्दाम काढून पाहिलं. 'संस्कृत विभागाचा निकाल शंभर टक्के.' ते खोटं नाही. पण त्या वर्षी वर्गात किती जण होते, त्यांतल्या कोणाची फी कोणी भरली, आणि पुढच्या वर्षी विभाग ठेवायचा की नाही यावर बैठकीत किती वेळ वाद झाला, यातलं एक अक्षर तिथे नाही.

आपल्यापैकी अनेकांनी भांडारकर प्राच्यविद्या संस्थेतलं महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम पाहिलं असेल. १९१९ ते १९६६ एवढा काळ ते चाललं. शारदा, देवनागरी, ग्रंथ, मल्याळम् अशा निरनिराळ्या लिप्यांतल्या पोथ्या मागवल्या, ओळीला ओळ लावून ताडल्या आणि प्रत्येक पानाखाली पाठभेद छापले. एका पोथीवर विसंबायचं नाही, ही त्या विद्वानांची शिस्त होती. आपण मात्र महाविद्यालयाचा सुवर्णमहोत्सवी इतिहास लिहायला बसतो तेव्हा वार्षिक अहवाल नावाची एकच पोथी समोर घेतो. दुसरी पोथी संस्कृतच्या विभागाच्या कपाटात होती, ती आपणच किलोच्या भावाने विकलेली असते.

इतकं मोठं उदाहरण कशाला, आमची कॉलेजं लहान, असं आपण म्हणाल. फर्ग्युसनही लहानच होतं. डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ साली निघाली आणि १८८५ च्या जानेवारीत कॉलेज उघडलं. प्राचार्य होते वामन शिवराम आपटे, संस्कृतचे पंडित. कॉलेज चालवता चालवता त्यांनी आपला संस्कृत-इंग्रजी कोश पुरा केला, तो १८९० मध्ये छापून आला, आणि १८९२ मध्ये चौतिसाव्या वर्षी ते गेले. त्यांच्यामागून आगरकर प्राचार्य झाले, तेही १८९५ मध्ये गेले. मधल्या १८९० साली टिळकांनी राजीनामा दिला होता. दहा-बारा वर्षांतली ही पडझड. ज्यांनी ती संस्था उभी केली त्यांच्यातले मतभेद कशावरून होते, आजीव सदस्याने, म्हणजे संस्थेला आयुष्य वाहिलेल्या शिक्षकाने, बाहेर काही मिळवावं की मिळवू नये, पगार किती असावा, त्याग म्हणजे नेमकं काय, हे सगळं आपल्याला आज समजतं ते प्रामुख्याने टिळकांच्या त्या लांबलचक राजीनाम्यामुळे. तो राजीनामा संस्थेला सुखाचा नव्हता. त्यात आपल्याच माणसांवर टीका होती. तरी तो राहिला, म्हणून शंभर वर्षांनंतरही दोन्ही बाजू तोलून पाहता येतात.

आणि आगरकरांनी आईला लिहिलेलं ते पत्र? मुलगा शिकला, आता मोठ्या पगाराची नोकरी करील, ही आशा धरू नकोस, पोटापुरतं मिळवून उरलेला वेळ लोकांच्या कामी लावणार आहे, असं सांगणारं. मराठी शाळेत शिकलेल्या बहुतेकांना ते माहीत आहे. महाराष्ट्रातल्या खाजगी शिक्षणसंस्थांची सगळी नैतिक बैठक ज्या एका कागदावर सांगता येते, तो कागद कुठल्याही सभेच्या इतिवृत्तात नव्हता. तो घरगुती होता.

मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते मात्र डेक्कन कॉलेजबद्दल. कारण तिथे नुसता इतिहासाचा प्रश्न नव्हता, जगण्या-मरण्याचा होता.

त्या कॉलेजचं मूळ संस्कृतात आहे. सेनापती खंडेराव दाभाड्यांनी सुरू केलेली आणि पेशव्यांनी पुढे चालवलेली दक्षिणा, म्हणजे विद्वान ब्राह्मणांना दिलं जाणारं दान, इंग्रजी अमदानीत शिक्षणाकडे वळवली गेली, आणि १८२१ च्या ऑक्टोबरात पुण्याच्या विश्रामबाग वाड्यात मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांच्या पुढाकाराने पाठशाळा उघडली. तिचंच पुढे पूना कॉलेज झालं, १८६४ मध्ये डेक्कन कॉलेज, आणि १८६८ मध्ये ते येरवड्याजवळच्या दगडी इमारतीत गेलं. या इमारतीच्या खर्चाचा मोठा वाटा मुंबईच्या जिजीभाई घराण्याने उचलला होता. टिळक आणि आगरकर तिथेच शिकले. जर्मन पंडित कीलहॉर्न आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर तिथे संस्कृत शिकवत.

एवढी परंपरा असलेलं हे कॉलेज १९३४ साली मुंबई सरकारने बंद केलं. काटकसरीचे दिवस होते. पुण्यात दुसरी कॉलेजं होती. वर्ग थांबले, दारं लागली. आज आपल्या बैठकांत विभाग बंद करताना जी कारणं ऐकू येतात, त्यांच्याशी ही कारणं ताडून पाहा.

माजी विद्यार्थी मात्र उठून न्यायालयात गेले. ही वास्तू सरकारची मालमत्ता नाही, एका देणगीच्या अटींवर सरकारने ती शिक्षणासाठी विश्वस्त म्हणून स्वीकारलेली आहे, आणि विश्वस्ताला अशी वास्तू मनास येईल तशी मोडता येत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. ते म्हणणं उभं होतं सत्तर वर्षांपूर्वीच्या कागदांवर. देणगी कोणी दिली, कशासाठी दिली, काय ठरलं होतं, हे दाखवता आलं म्हणून बोलता आलं. १७ ऑगस्ट १९३९ रोजी डेक्कन कॉलेज पदव्युत्तर आणि संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडलं.

पुढचं आपण जाणताच. पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकळिया आणि मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे तिथे आले. पुरातत्त्व, भाषाशास्त्र आणि समाजशास्त्र या विषयांचं महाराष्ट्रातलं काम तिथे वाढलं. १९४८ साली डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांनी संस्कृतच्या ऐतिहासिक महाकोशाचं काम हाती घेतलं. सुमारे दीड हजार ग्रंथांतून वेचलेले शब्द, हाताने लिहिलेल्या सुमारे एक कोटी चिठ्ठ्या, त्यांच्यासाठी केलेले खण. पहिल्या खंडाची छपाई व्हायला १९७६ उजाडलं आणि काम अजून चालू आहे. ते खण पाहायला मी गेले होते. एका चिठ्ठीवर एक शब्द, त्याचा संदर्भ, लिहिणाऱ्याचं अक्षर. पाच वर्षं बंद राहिलेल्या कॉलेजात हे काम झालं, आणि कॉलेज उघडायला जुने कागद कामी आले होते.

आता स्वतःला विचारा. आपल्या महाविद्यालयाची जमीन कोणी दिली? कोणत्या अटीवर? पहिल्या वर्षीचं धान्य, बाकं, विटा कोणाच्या? बहुतेक ठिकाणी दानपत्राची एक झेरॉक्स सचिवांच्या फायलीत असते. बाकीची सगळी कहाणी, कोण बैलगाडीतून दगड घेऊन आलं, कोणी मुलीच्या नावाने खोली बांधून दिली आणि त्या खोलीत काय शिकवावं असं सांगितलं, ती एखाद्या प्राध्यापकाने लिहून ठेवलेली असली तर आहे. आणि जुन्या काळात असं लिहून ठेवायची सवय भाषेच्या, विशेषतः संस्कृतच्या शिक्षकांना फार होती. ते पाठांतरात वाढलेले असले तरी कागदाला जपत.

हे आत्ताच का लिहायचं, त्यालाही कारण आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये असं लक्ष्य ठेवलं आहे की २०४० पर्यंत उच्च शिक्षणाची प्रत्येक संस्था बहुविद्याशाखीय व्हावी आणि तिच्यात ३,००० किंवा अधिक विद्यार्थी असावेत. देशातल्या वीस टक्क्यांहून अधिक महाविद्यालयांत शंभराच्या आतच विद्यार्थी आहेत, असंही त्याच धोरणात नोंदलं आहे. म्हणजे येत्या पंधरा वर्षांत कितीतरी लहान महाविद्यालयं एकत्र येतील, समूहात जातील किंवा बंद होतील. त्या निर्णयांची बरीवाईट चर्चा होईल, ती या पत्राचा विषय नाही. पण दोन संस्था एक झाल्या की नव्या नावाची पाटी लागते आणि जुन्या नावाचं दप्तर कोणाचंच राहत नाही. बँकेची खाती, सेवापुस्तकं, परीक्षेच्या नोंदी कायद्याने जपाव्या लागतात. शिक्षकाच्या ट्रंकेसाठी कोणताच कायदा नाही.

आणि दुसरीकडे, ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याच निर्णयात पाली आणि प्राकृतही आहेत. आपण सगळ्यांनी पेढे वाटले. ज्या माणसांनी तालुक्याच्या गावात चार-चार, पाच-पाच मुलांसमोर बसून गाथासप्तशती, धम्मपद आणि शाकुंतल शिकवत या भाषा जित्या ठेवल्या, त्यांच्या वह्या त्याच महिन्यात कुठेतरी रद्दीत गेल्या असतील. अभिजात दर्जाच्या निधीतून मोठी केंद्रं निघतील, निघावीतच. पण या भाषांचं अध्यापन महाराष्ट्रात खालपर्यंत कसं पोचलं होतं, याचा पुरावा त्या केंद्रांना नंतर कुठूनही निर्माण करता येणार नाही.

इतिहाससंशोधक विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव हिंडून जुन्या घरांतली दप्तरं जमवत होते, तेव्हाही लोक म्हणत असतील, यात आहे काय, जमाखर्चाचे कागद आहेत. त्याच कागदांतून मराठ्यांच्या इतिहासाची साधने उभी राहिली. १९२६ च्या अखेरीस धुळ्याला ते वारले, आणि धुळ्याच्या मंडळींनी वाट पाहिली नाही. १९२७ मध्ये त्यांच्या संग्रहासाठी राजवाडे संशोधन मंडळ उभं केलं. धुळं तेव्हा काही विद्यापीठाचं गाव नव्हतं.

आपल्या शंका मला माहीत आहेत, कारण मी त्या बैठकांत बसले आहे. पहिली, न बोलली जाणारी शंका अशी की या कागदांत संस्थेविरुद्ध काहीतरी निघेल. निघेलही. थकलेले पगार, अपुरी बाकं, एखाद्या नेमणुकीवरची नाराजी, कोणा पदाधिकाऱ्याविषयी कडवट ओळ. त्यावर उपाय नष्ट करणं हा नव्हे. पेटी बांधा, मोहोर करा, वीस किंवा तीस वर्षं उघडायची नाही असं तिच्यावर लिहा. जगभरच्या अभिलेखागारांत हीच रीत आहे. विद्यार्थ्यांचे गुण, जाती, घरच्या अडचणी, आजारपणं यांचे कागद तर असे बंद ठेवलेच पाहिजेत. तिथे मी आपल्याहून कडक आहे.

दुसरी शंका जागेची. एका प्राध्यापकाचे आयुष्यभराचे कागद बहुधा एका कपाटात मावतात. प्रत्येक महाविद्यालयात माजी अध्यक्षांच्या सत्काराची चिन्हं ठेवायला काचेचं कपाट असतंच, त्याच्याशेजारी एक लोखंडी कपाट ठेवायला हरकत नसावी.

तिसरी, मोबाइलवर फोटो काढून मूळ कागद टाकून देऊ या, ही. कृपा करून हे करू नका. फोटो काढा, ते उपयोगी पडतील, पण मूळ कागदाची जागा ते घेऊ शकत नाहीत. फोन बदलतो, पासवर्ड विसरतो, ज्या कर्मचाऱ्याच्या खात्यावर सगळं चढवलं तो निवृत्त होतो. शाई कोणती, मागच्या बाजूला काय, कागदाला कागद कुठे टाचलेला होता, हे फोटोत येत नाही. उत्साहाच्या भरात लॅमिनेशन केलेले कागद मी पाहिले आहेत. उष्णतेने आणि डिंकाने ते कायमचे गेले. सेलोटेपचंही तेच, काही वर्षांनी चिकटा पिवळा पडून अक्षर खातो.

काय करावं ते साधं आहे. कागद आले की आधी ते ज्या क्रमाने आले त्या क्रमात राहू द्या. तारखेप्रमाणे लावायचा मोह सगळ्यांना होतो, मलाही झाला होता. पण सरांनी पगाराच्या पत्रासोबत एखाद्या विद्यार्थ्याचं पोस्टकार्ड ठेवलं असेल तर त्यामागे काही कारण असेल, ते आपण तोडू नये. गंजलेल्या टाचण्या आणि स्टेपलच्या तारा हळूच काढा, रबरबँड काढा. सुती कापडात किंवा आम्ल नसलेल्या जाड कागदाच्या पाकिटात ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, दमट हवेत बुरशी धरते. कपाट भिंतीपासून चार बोटं दूर आणि जमिनीपासून उंच असावं, वाळवी भिंतीतूनच येते. आणि तळमजल्यावर नकोच. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आणि जुलै २०२१ मध्ये चिपळुणात पुराने ग्रंथालयांची काय दशा केली, ते आपल्याला आठवत असेल. पुस्तकाची दुसरी प्रत शोधता येते, हाताने लिहिलेल्या वहीची नाही.

मग एका वहीत यादी करा. फार शास्त्रीय नको. पेटीत काय आहे, कोणत्या वर्षांचं, कोणी दिलं, काय बंद ठेवायचं, एवढं पुरे. यादीची एक प्रत ग्रंथालयात, एक विद्यापीठाच्या ग्रंथालयाला, एक देणाऱ्या घरच्यांना. इतिहासाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून हे काम देता येईल. आपल्या गावातल्या माणसाच्या अक्षरातून इतिहास वाचायला मिळाला तर त्यांना साधनांचं महत्त्व वेगळं शिकवावं लागणार नाही.

विद्यापीठांच्या कुलगुरूंना आणि उच्च शिक्षण संचालनालयालाही या पत्राची प्रत पाठवते आहे. त्यांच्याकडे एकच मागणं आहे. विभाग किंवा महाविद्यालय बंद करायला, स्थलांतराला किंवा विलीनीकरणाला परवानगी देताना जी कागदपत्रं मागता, त्यांत एक ओळ वाढवा: त्या विभागाचे आणि तिथल्या निवृत्त शिक्षकांचे कागद कुठे ठेवले आहेत. एवढी ओळ असली की ते कोणीतरी कुठेतरी ठेवेल. पुण्याच्या पेशवे दप्तरात सरकारचे कागद सांभाळायला माणसं आहेत, आणि दिल्ली-बंगळूरला आता नामवंतांचे खाजगी संग्रह जपणारी अभिलेखागारं उभी राहिली आहेत. तालुक्याच्या महाविद्यालयातल्या संस्कृत शिक्षकाचे कागद तिथवर कोणी नेणार नाही. ते जिथे लिहिले गेले तिथेच राहिले तर राहतील.

संस्थांच्या पदाधिकाऱ्यांना शेवटचं, आणि हे सगळ्यात सोपं आहे. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती यायची असली की आवार लख्ख करण्याच्या घाईत जी साफसफाई होते, तीत सगळ्यात जास्त कागद जातात. त्या आठवड्यात भाषाविभागांची कपाटं उघडताना ग्रंथपालाला तिथे उभं करा. आणि निवृत्तीच्या निरोपसमारंभात शाल-श्रीफळ देतो त्याच दिवशी त्या शिक्षकाला, किंवा ते हयात नसतील तर घरच्यांना, संस्थेच्या लेटरहेडवर एक पत्र द्या की तुमचे कागद आम्हाला हवे आहेत आणि ते आम्ही नीट ठेवू. मागताना आधी हजेरीच्या वह्या आणि पत्रांच्या कार्बन प्रती मागा. घरचे लोक छापील पुस्तकं जपतात, सन्मानपत्रं भिंतीवर लावतात, आणि या दोन गोष्टी पहिल्यांदा टाकून देतात.

आपली,
एक निवृत्त ग्रंथपाल